जड अणूंची खूण

प्रत्येक पेशीभोवती मेदाचे दुपदरी वेष्टन असते. पेशीच्या आतले आत आणि बाहेरचे बाहेर ठेवणे एवढेच त्याचे काम, असे बराच काळ समजले जाई. प्रत्यक्षात पेशी जे रासायनिक निरोप धाडतात, त्यांतले कित्येक याच वेष्टनातल्या मेदापासून घडतात. जखम झाली, जंतू शिरले, एखादे हॉर्मोन येऊन थडकले, की फॉस्फोलायपेज नावाचे विकर वेष्टनातल्या लिपिड रेणूचा एक तुकडा कापते. हा तुकडा बहुधा अरॅकिडॉनिक आम्लाचा असतो. वीस कार्बन अणूंची साखळी आणि तिच्यात चार दुहेरी बंध, असे हे मेदाम्ल आहे. पुढे कोणते विकर त्याला धरते यावर निरोपाचा अर्थ ठरतो. सायक्लोऑक्सिजनेजच्या वाटेने गेले तर ताप, सूज आणि वेदना यांच्याशी संबंध असलेली प्रोस्टाग्लँडिने किंवा रक्ताची गुठळी बांधायला मदत करणारे थ्रॉम्बॉक्झेन तयार होते. लायपॉक्सिजनेजच्या वाटेने गेले तर दम्यात श्वासनलिका आवळणारी ल्युकोट्रायिने निघतात. याच कुळाजवळची आणखी काही नावे आहेत. स्फिंगोसिन-१-फॉस्फेट पांढऱ्या पेशींना लसिका ग्रंथींतून बाहेर पडण्याची दिशा दाखवते. गांजातल्या द्रव्याला मेंदूत जो ग्राही प्रतिसाद देतो, त्याच ग्राहीवर बसणारे शरीराचे स्वतःचे द्रव्य म्हणजे अनंदामाइड. ते १९९२ मध्ये डुकराच्या मेंदूतून वेगळे करण्यात आले आणि त्याचे नाव संस्कृतातल्या ‘आनंद’वरून ठेवले गेले.

या निरोप्यांची तऱ्हा इन्सुलिनसारखी नाही. इन्सुलिन पेशीत आधीच बनवून साठवलेले असते आणि गरज पडली की सोडले जाते. लिपिड निरोपे साठवले जात नाहीत. ते ऐनवेळी बनतात, शेजारपाजारच्या पेशींपर्यंत पोचतात आणि मोडीत निघतात. थ्रॉम्बॉक्झेन ए२ चे अर्धायुष्य शरीराच्या तापमानाला पाण्यात सुमारे तीस सेकंदांचे असते. परीक्षानळी प्रयोगशाळेत पोचेपर्यंत मूळ रेणू उरलेलाच नसतो. म्हणून त्याऐवजी त्याच्यापासून बनणारे निष्क्रिय थ्रॉम्बॉक्झेन बी२ मोजावे लागते.

मोजण्यातल्या अडचणी एवढ्यावर थांबत नाहीत. रक्तातले प्रमाण पिकोग्रॅममध्ये असते आणि पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. तेवढा ऐवज काचेला, प्लास्टिकला चिकटूनही नाहीसा होऊ शकतो. दुहेरी बंधांमुळे हे रेणू हवेतल्या ऑक्सिजनशी सहज संयोग पावतात. त्यांच्या आसपास तसेच दिसणारे भाऊबंदही भरपूर असतात. प्रोस्टाग्लँडिन ई२ आणि डी२ यांचे रेणुसूत्र एकच, वजन एकच. फक्त वलयावरचा कीटोन गट आणि हायड्रॉक्सिल गट यांच्या जागांची अदलाबदल झालेली. शरीरावरचे परिणाम मात्र वेगवेगळे.

१९७० च्या दशकात या कामासाठी प्रतिपिंडांवर आधारलेल्या चाचण्या फार वापरल्या गेल्या. त्या स्वस्त आणि जलद होत्या, पण प्रतिपिंड मिळत्याजुळत्या रेणूंनाही पकडते. रक्तातल्या प्रोस्टाग्लँडिनांचे त्या काळी छापून आलेले कित्येक आकडे पुढे फुगलेले ठरले. खात्रीचा आकडा हवा असेल तर मोजायच्या रेणूसारखाच, पण ओळखता येईल असा दुसरा रेणू नमुन्यात आधीच टाकून ठेवावा लागतो. समस्थानिकांची खूण असलेले लिपिड बनवण्याचा सारा खटाटोप यासाठीच आहे.

तत्त्व अगदी साधे आहे. तांदळाच्या पोत्यात किती दाणे आहेत हे न मोजता काढायचे असेल, तर त्यात मोजून हजार दाणे लाल रंगवून टाकावेत, पोते चांगले ढवळावे आणि कुठूनही ओंजळभर तांदूळ काढावेत. ओंजळीत एका लाल दाण्यामागे पाचशे पांढरे निघाले, तर पोत्यात पाच लाख दाणे. वाटेत तांदूळ सांडले तरी बिघडत नाही, कारण लाल आणि पांढरे सारख्याच प्रमाणात सांडतात. अट एवढीच की लाल दाणा रंग सोडून बाकी सर्व बाबतींत पांढऱ्यासारखाच असला पाहिजे.

रेणूच्या बाबतीत हा रंग म्हणजे वजन. हायड्रोजनच्या अणुकेंद्रात एक प्रोटॉन असतो. ड्युटेरियम या त्याच्या जड समस्थानिकात प्रोटॉनसोबत एक न्यूट्रॉनही असतो. रासायनिक वागणूक जवळजवळ तीच, वजन दुप्पट. निसर्गात हायड्रोजनच्या सुमारे साडेसहा हजार अणूंमागे ड्युटेरियमचा एक अणू सापडतो. कार्बन-१३ त्या मानाने मुबलक आहे, शंभरात सुमारे एक. दोन्ही किरणोत्सारी नाहीत, त्यामुळे माणसांवरच्या प्रयोगांतही ते वापरता येतात.

हॅरॉल्ड युरी यांनी ड्युटेरियम शोधले १९३१ मध्ये आणि त्यानंतर काही वर्षांतच त्याचा पहिला मोठा उपयोग मेदावरच झाला. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आलेले रुडॉल्फ शोएनहायमर आणि युरी यांच्याकडे शिकलेले डेव्हिड रिटनबर्ग या दोघांनी १९३५ मध्ये जवसाच्या तेलाला ड्युटेरियम जोडले आणि ते उंदरांना खाऊ घातले. खाल्लेला मेद ताबडतोब जळून जातो आणि साठवलेला मेद तसाच पडून राहतो, असा तोवरचा समज होता. प्रत्यक्षात खूण केलेला मेद आधी साठ्यात गेलेला आढळला. शरीरातला साठा सतत बदलत असतो हे त्यातून कळले. १९४० मध्ये रिटनबर्ग आणि फॉस्टर यांनी तीच खूण मापनासाठी वापरण्याची रीत मांडली. अमिनो आम्ले आणि मेदाम्ले मोजण्याच्या या रीतीला समस्थानिक-विरलन म्हणतात.

लिपिड निरोप्यांपर्यंत ती आणली स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेने. बेंग्ट सॅम्युएल्सन, मॅट्स हॅम्बर्ग आणि स्वीली यांनी १९७० मध्ये ड्युटेरियमयुक्त ‘वाहक’ टाकून प्रोस्टाग्लँडिन ई१ नॅनोग्रॅमच्या पातळीवर मोजले. रेणूंची वजने ओळखणारा मास स्पेक्ट्रोमीटर त्या वेळी दोन ठरावीक वजनांवर आळीपाळीने नजर ठेवीत होता: एक हलक्या रेणूचे, दुसरे जड रेणूचे. प्रोस्टाग्लँडिनांवरच्या कामासाठी सॅम्युएल्सन यांना १९८२ मध्ये सूने बर्गस्ट्रॉम आणि जॉन वेन यांच्यासोबत नोबेल मिळाले. आजची यंत्रे कितीतरी पटींनी संवेदनशील असली तरी तत्त्व १९७० चेच आहे.

यंत्राला हे रेणू कसे दिसतात ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. अरॅकिडॉनिक आम्लाच्या रेणूने एक प्रोटॉन गमावला की त्याचा ऋण आयन ३०३ या वजनाला दिसतो. यंत्राचा पहिला टप्पा फक्त ३०३ चे आयन पुढे सोडतो. मधल्या कप्प्यात ते वायूच्या रेणूंवर आदळून फुटतात. त्यातून ४४ वजनाचा कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरलेला २५९ वजनाचा तुकडा शेवटच्या टप्प्यात मोजला जातो. ज्याच्यात आठ हायड्रोजनच्या जागी आठ ड्युटेरियम आहेत, तो रेणू ३११ वर दिसतो आणि फुटल्यावर २६७ वर. दोन्ही एकाच नमुन्यात, एकाच वेळी असतात, पण एकमेकांत मिसळून मोजले जात नाहीत. प्रोस्टाग्लँडिन ई२ साठी हीच जोडी ३५१ ते २७१ आणि चार ड्युटेरियमच्या प्रतीसाठी ३५५ ते २७५ अशी असते. डी२ चीही जोडी नेमकी ३५१ ते २७१ हीच. तिथे वजन कामाला येत नाही. आधी क्रोमॅटोग्राफीच्या कॉलममधून दोघांना वेगळे काढावेच लागते.

समजा, नमुन्यात दोन नॅनोग्रॅम जड ई२ टाकले. काढून घेताना, गाळताना, सुकवताना साठ टक्के माल वाया गेला. यंत्राने हलक्या आणि जड संकेतांचे गुणोत्तर ०.३५ दाखवले, तर मूळ नमुन्यात ०.७ नॅनोग्रॅम ई२ होते. किती वाया गेले याचा हिशेब ठेवण्याची गरजच पडत नाही.

आता जड अणू किती घालायचे आणि कुठे घालायचे, या मुद्द्याकडे वळता येईल. सगळे कसब इथेच लागते, आणि निकाल छापून येतात त्या लेखांत यावर एखादी ओळ असली तरी पुष्कळ.

किती, याचे उत्तर निसर्गातल्या कार्बन-१३ मुळे ठरते. वीस कार्बनच्या कोणत्याही रेणूत योगायोगाने एखादा कार्बन-१३ असण्याची शक्यता बरीच असते. म्हणून मुख्य वजनापेक्षा एकाने जास्त असलेल्या जागी, मुख्य संकेताच्या सुमारे एक पंचमांश इतका संकेत आपोआपच दिसतो. दोनने जास्त असलेल्या जागी तो दोनतीन टक्के असतो आणि तीनच्या पुढे नगण्य होत जातो. जड प्रतीत एकच ड्युटेरियम असेल, तर नैसर्गिक रेणूंची ही सावली नेमकी तिच्यावर पडते. म्हणून किमान तीन, बहुधा चार किंवा त्याहून जास्त जड अणू घातले जातात.

कुठे, हा प्रश्न जास्त नाजूक आहे. कीटोन गटाच्या शेजारच्या कार्बनवरचे हायड्रोजन सैल असतात. पाण्यातल्या हायड्रोजनशी ते अदलाबदल करतात. ई२ च्या वलयावर कीटोन आहे. त्याच्या शेजारी ड्युटेरियम बसवले तर नमुना तयार करतानाच खूण हळूहळू पुसली जाईल आणि जड रेणू हलका होऊन मोजणीत घुसेल. म्हणून ई२ च्या प्रचलित जड प्रतीत चारही ड्युटेरियम अणू तिसऱ्या आणि चौथ्या कार्बनवर असतात, म्हणजे आम्लगटाच्या बाजूच्या साखळीत, कीटोनपासून दूर.

दुसरी अट अशी की यंत्रात रेणू फुटल्यावर जो तुकडा मोजायचा, त्याच तुकड्यात खूण उरली पाहिजे. आम्लगटातले दोन्ही ऑक्सिजन बदलून त्या जागी ऑक्सिजन-१८ घालता येतो. जड ऑक्सिजनच्या पाण्यात विकराच्या मदतीने हे सोपेपणाने साधते. पण अरॅकिडॉनिक आम्ल फुटताना कार्बन डायऑक्साइडच बाहेर पडतो आणि त्याच्याबरोबर खूणही जाते. स्फिंगोसिन-१-फॉस्फेटच्या जड प्रतीत म्हणूनच सात ड्युटेरियम अणू शेपटीच्या शेवटच्या तीन कार्बनांवर असतात. यंत्रात डोक्याकडचा फॉस्फेट गळून पडतो, शेपटी शाबूत राहते. नैसर्गिक रेणू ३८० वरून २६४ ला जातो, जड प्रत ३८७ वरून २७१ ला. सातचा फरक शेवटपर्यंत टिकतो. अनंदामाइडमध्ये उलटा प्रकार आहे. तिथे ३४८ वजनाच्या आयनापासून मिळणारा ६२ वजनाचा इथेनॉलअमाइनचा तुकडा मोजतात. म्हणून चार ड्युटेरियम त्या छोट्या तुकड्यातच ठेवले, तर जड प्रत ३५२ वरून ६६ ला जाते.

खूण केलेला रेणू पेशींना खाऊ घालायचा असेल तर तिसरी अटही येते. कार्बन-ड्युटेरियम बंध कार्बन-हायड्रोजन बंधापेक्षा सावकाश तुटतो. विकर ज्या जागेचा हायड्रोजन ओढून काढते, नेमक्या तिथेच ड्युटेरियम ठेवले तर प्रक्रियेचा वेग मंदावतो. सायक्लोऑक्सिजनेज अरॅकिडॉनिक आम्लाच्या तेराव्या कार्बनवरचा हायड्रोजन काढते. आठ ड्युटेरियमच्या प्रतीत ते अणू पाचव्या, सहाव्या, आठव्या, नवव्या, अकराव्या, बाराव्या, चौदाव्या आणि पंधराव्या कार्बनवर असतात, म्हणजे थेट दुहेरी बंधांवर. तेरावा कार्बन मोकळा राहतो.

हे आठ अणू त्या आठ जागी बसवण्याची रीत मोठी देखणी आहे. चार दुहेरी बंधांऐवजी त्याच जागी चार तिहेरी बंध असलेले आम्ल आधी तयार करायचे. त्याचे नाव आयकोसाटेट्रायनोइक आम्ल. मग प्रत्येक तिहेरी बंधावर ड्युटेरियम वायूचा एकेक रेणू बसवायचा. एका रेणूत दोन अणू, चार बंध, एकूण आठ. बंध तिहेरीचा दुहेरी होतो आणि ड्युटेरियम ज्या कार्बनांवर हवे त्यांवरच येते.

कागदावर हे दोन ओळींचे काम आहे. फ्लास्कमध्ये तसे नाही. मध्ये एकेक कार्बन सोडून असलेले तिहेरी बंध नाजूक असतात. त्यांची साखळी लहान तुकड्यांपासून तांब्याच्या क्षारांच्या मदतीने जोडत नेतात. मधल्या कार्बनवरचे हायड्रोजन इतके सैल असतात की जरा जास्त अल्कली लागली तर बंध जागा सोडून सरकतात. हवा आणि उजेड लागला की पदार्थ तपकिरी पडू लागतो. पुढच्या पायरीला साधा पॅलेडियम उत्प्रेरक चालत नाही, कारण तो दुहेरी बंधावर थांबत नाही. तोही भरून साखळी पूर्ण संपृक्त करून टाकतो. इथे लिंडलार उत्प्रेरक लागतो. बाझलच्या हॉफमन-ला रोश कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट लिंडलार यांनी १९५२ मध्ये तो मांडला. कॅल्शियम कार्बोनेटवर बसवलेल्या पॅलेडियमला शिशाने मुद्दाम अर्धवट ‘विषबाधा’ केलेली असते, आणि वर क्विनोलिनचे थेंब टाकतात. असा जायबंदी उत्प्रेरक तिहेरी बंधावर काम करतो, दुहेरीवर रेंगाळतो. शिवाय दोन्ही ड्युटेरियम बंधाच्या एकाच बाजूने बसतात. त्यामुळे नैसर्गिक अरॅकिडॉनिक आम्लाला हवी तशीच वळलेली, सिस रचना मिळते. सरळ ट्रान्स रचना आली तर तो रेणू विकराच्या उपयोगाचा नाही.

तरीही कुठे थांबायचे ते हाताला कळावे लागते. वायू किती शोषला गेला ते पाहत राहायचे. चार तिहेरी बंधांना पुरेल तेवढा शोषून झाला की लगेच थांबवायचे. थोडे आधी थांबले तर एखादा तिहेरी बंध शिल्लक राहतो, थोडे नंतर थांबले तर एखादा दुहेरी बंध भरून जातो. द्रावक कोरडा हवा, कारण उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर साध्या हायड्रोजनची सरमिसळ झाली तर आठऐवजी सात किंवा सहा ड्युटेरियमचे रेणू तयार होतात. तयार मिश्रण शुद्ध करायला चांदीच्या नायट्रेटने माखलेली सिलिका वापरतात. चांदीचे आयन दुहेरी बंधांना धरून ठेवतात, त्यामुळे जास्त बंधांचा रेणू मागे रेंगाळतो, कमी बंधांचा पुढे निघतो. सिस आणि ट्रान्सही त्यातून वेगळे होतात.

काम साधले की नाही, हे रेणूतल्या हायड्रोजनच्या जागा दाखवणारा एनएमआर वर्णपट लगेच सांगतो. नैसर्गिक अरॅकिडॉनिक आम्लात दुहेरी बंधांवरच्या आठ हायड्रोजनचा ठळक संकेत ५.४ पीपीएमच्या आसपास उमटतो. जड प्रतीत ती जागा जवळजवळ सपाट दिसते, २.८ जवळचा, मधल्या कार्बनांवरच्या हायड्रोजनचा संकेत मात्र जागच्या जागी असतो. पदार्थ मग आरगॉन वायूखाली, इथेनॉलमध्ये, गोठणबिंदूच्या खूप खाली ठेवतात.

या एका रेणूपासून पुढचे कितीतरी बनवता येतात. त्याचे आम्ल-क्लोराइड करून इथेनॉलअमाइनशी जोडले की जड अनंदामाइड मिळते. उलट, साधे अरॅकिडॉनिक आम्ल आणि जड इथेनॉलअमाइन घेतले की वर सांगितलेली चार ड्युटेरियमची प्रत. प्रोस्टाग्लँडिनांची वाट लांबची आहे. तिथे ई. जे. कोरी यांनी १९६९ मध्ये आखलेल्या मार्गाचा आधार घेतला जातो. त्यात वलयाचा सांगाडा आधी घडवून दोन बाजूंच्या साखळ्या नंतर जोडतात. आम्लगटाकडची पाच कार्बनांची साखळी विटिग अभिक्रियेने येते, म्हणून खूण त्या पाच कार्बनांच्या तुकड्यात आधीच घालून ठेवता येते. तिहेरी बंधावर ड्युटेरियमचे दोन रेणू पूर्ण बसवले की शेजारच्या दोन कार्बनांवर मिळून चार जड अणू होतात. महागडे ड्युटेरियम अखेरच्या पायऱ्यांपर्यंत लागत नाही, हा या मार्गाचा व्यावहारिक फायदा.

ड्युटेरियम वायू मिळतो जड पाण्याच्या विद्युत् अपघटनाने. जड पाणी बनवण्याचा एक प्रकल्प अलिबागजवळ थळ इथे आहे. राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या खत कारखान्यात अमोनियासाठी जो हायड्रोजन लागतो, त्यातूनच तिथे ड्युटेरियम वेगळे काढले जाते. त्याचे मुख्य गिऱ्हाईक अर्थातच अणुभट्ट्या.

जड प्रत हाती आली तरी मोजणीतले धोके संपत नाहीत. पहिला धोका तिच्या शुद्धतेचा. शंभर जड रेणूंमागे एक जरी पूर्ण हलका रेणू राहून गेला, तरी एक नॅनोग्रॅम जड प्रतीबरोबर नमुन्यात दहा पिकोग्रॅम हलका माल आपल्याच हाताने टाकला जातो. नमुन्यात मुळात पाचच पिकोग्रॅम असतील तर निकाल कोणत्या लायकीचा असेल हे उघड आहे. त्यामुळे जड प्रत भरमसाट न टाकता अपेक्षित प्रमाणाच्या आसपास टाकावी लागते, आणि कोरा नमुनाही बरोबर चालवावा लागतो.

दुसरा धोका ड्युटेरियमचा स्वभावच आहे. मेद वेगळे करणाऱ्या कॉलममधून ड्युटेरियमयुक्त रेणू हलक्या रेणूच्या किंचित आधी बाहेर पडतो. फरक काही सेकंदांचा असतो, पण त्या काही सेकंदांत आयनीकरणाच्या जागी इतर घटकांची गर्दी वेगळी असू शकते आणि दोघांच्या संकेतांवर वेगवेगळा परिणाम होतो. कार्बन-१३ च्या प्रती हलक्या रेणूबरोबरच बाहेर येतात, म्हणून त्या सरस. पण कार्बन-१३ एकेक करून साखळीत गुंफणे जास्त कष्टाचे आणि खर्चाचे. त्यामुळे बाजारात ड्युटेरियमच्या प्रतीच जास्त दिसतात.

तिसरी मर्यादा तत्त्वातच आहे, आणि ती सर्वांत जास्त विसरली जाते. जड प्रत नमुन्यात टाकल्यानंतर जे घडते त्याचाच हिशेब ती ठेवते. आधी घडून गेलेले ती सुधारू शकत नाही. सुई टोचून रक्त काढतानाच बिंबाणू उत्तेजित होतात आणि थ्रॉम्बॉक्झेन बनवू लागतात. रक्ताभिसरणातले थ्रॉम्बॉक्झेन बी२ चे खरे प्रमाण दर मिलिलिटरला एकदोन पिकोग्रॅम इतके असते. तेच रक्त नळीत गोठू दिले तर सीरममध्ये ते शेकडो नॅनोग्रॅमवर जाते, म्हणजे लाखो पटींनी. मापन कितीही अचूक असले तरी ते नळीत घडलेल्या गोष्टीचे मापन होते. याच कारणाने थ्रॉम्बॉक्झेनसाठी लघवीतले त्याचे विघटित अवशेष मोजण्याची पद्धत रुळली. लघवी गोळा करताना बिंबाणूंचा प्रश्न येत नाही.

साठवणीचाही असाच किस्सा आहे, पण तिथे अडचणीतून शोध लागला. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात जेसन मॉरो आणि जॅक्सन रॉबर्ट्स यांना साठवलेल्या प्लाझ्मात प्रोस्टाग्लँडिनांसारखे रेणू वाढलेले आढळले. ते विकराने बनलेले नव्हते. ऑक्सिजनच्या मुक्त मूलकांनी अरॅकिडॉनिक आम्लावर थेट हल्ला केल्याने झाले होते. असेच रेणू जिवंत शरीरातही बनतात, हे त्यांनी १९९० मध्ये दाखवले. आयसोप्रोस्टेन या नावाने ते आज शरीरातल्या ऑक्सिडीकरणाचे खात्रीशीर मापक मानले जातात आणि त्यांच्या मोजणीसाठीही चार ड्युटेरियमची प्रतच वापरतात.

प्रत्येक लिपिडासाठी जड प्रत परवडत नाही किंवा मिळतही नाही. तेव्हा विषम संख्येच्या कार्बनांचा, उदाहरणार्थ सतरा कार्बनांच्या साखळीचा रेणू वापरतात, कारण सस्तन प्राण्यांत असे रेणू अत्यल्प असतात. काम चालते, पण तो रेणू साखळीच्या लांबीमुळे कॉलममधून वेगळ्या वेळी निघतो आणि वेगळ्या प्रमाणात वाया जातो. त्याला तडजोड म्हणावे लागते.

खुणेचा दुसरा उपयोग मोजण्याचा नव्हे, माग काढण्याचा आहे. लिपिड आणि संदेशवहन यांचा संबंध पहिल्यांदा कळला तोच या मार्गाने. १९५३ मध्ये मेबल आणि लोवेल होकिन या दांपत्याने कबुतराच्या स्वादुपिंडाचे काप किरणोत्सारी फॉस्फरस-३२ मध्ये ठेवले. ॲसिटिलकोलिन दिल्यावर फॉस्फोलिपिडांत तो फॉस्फरस झपाट्याने शिरू लागला. इनॉसिटॉल असलेल्या या लिपिडांचे संदेशवहनातले काम पुरते उलगडायला मात्र १९८३ पर्यंत थांबावे लागले. सॅम्युएल्सन यांनी १९६५ मध्ये साध्या ऑक्सिजनच्या आणि ऑक्सिजन-१८ च्या रेणूंचे मिश्रण वापरले आणि प्रोस्टाग्लँडिनाच्या वलयावरचे दोन्ही ऑक्सिजन अणू हवेतल्या एकाच ऑक्सिजन रेणूतून येतात हे सिद्ध केले. ते वेगवेगळ्या रेणूंतून येत असते, तर एक जड आणि एक हलका अशी जोडी सापडायला हवी होती. तशी ती सापडली नाही.

आज पेशींना आठ ड्युटेरियमचे अरॅकिडॉनिक आम्ल देऊन त्यांतून निघणारे ई२ पाहिले, तर त्याच्यात सातच ड्युटेरियम आढळतात. नवव्या कार्बनवर कीटोन तयार होताना तिथला एक जड अणू निघून जातो. बाहेरून दिलेल्या आम्लापासून किती ई२ बनले आणि पेशीच्या स्वतःच्या साठ्यातून किती, हे त्यामुळे वेगवेगळे सांगता येते.

या मापनाने औषधशास्त्रात काय बदलले, याचे सर्वांत ठोस उदाहरण ॲस्पिरिन आहे. ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती थांबवते हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवले होते. पण ते बिंबाणूंचे थ्रॉम्बॉक्झेन थांबवते तसेच रक्तवाहिन्यांचे प्रोस्टासायक्लिनही, आणि दुसरे तर गुठळी रोखणारे. मग किती गोळी द्यावी? १९८३ मध्ये गॅरेट फिट्झजेरल्ड आणि सहकाऱ्यांनी निरोगी लोकांना ॲस्पिरिनच्या वाढत्या मात्रा दिल्या आणि लघवीतले दोन्हींचे अवशेष जड प्रतींच्या साहाय्याने मोजले. कमी मात्रेत थ्रॉम्बॉक्झेन जास्त घटते. मात्रा वाढवत नेली की प्रोस्टासायक्लिनही घटत जाते. हृदयविकारानंतर रोज दिली जाणारी छोटी गोळी ७५ ते १०० मिलिग्रॅमची का असते, यामागे अशा मापनांचा वाटा आहे.

२००३ मध्ये अमेरिकेत लिपिड मॅप्स हा मोठा सामूहिक उपक्रम सुरू झाला. पेशीतल्या साऱ्या लिपिडांची यादी आणि मोजणी हे त्याचे काम, आणि त्यासाठी जड प्रतींचा मोठा संच लागला. २०११ मध्ये केंब्रिजजवळच्या बाब्रॅहम संस्थेने आणखी एक अडसर दूर केला. पेशीच्या वाढीचा निरोप नेणाऱ्या एका फॉस्फोइनॉसिटाइडवर तीन फॉस्फेट गट असतात. त्यांच्यामुळे हा रेणू सगळीकडे चिकटत असे. फॉस्फेटांवर मिथाइल गट चढवून तिथल्या शास्त्रज्ञांनी त्याला मास स्पेक्ट्रोमीटरमधून जाण्याजोगे केले. पुण्याच्या आयसरमध्येही अशा संदेशवाहक लिपिडांवर काम चालते. लायसोफॉस्फॅटिडिलसेरिन हे लिपिड तोडणारे विकर बिघडले की दृष्टी, श्रवण आणि मज्जासंस्था यांना ग्रासणारा दुर्मीळ आनुवंशिक विकार होतो. वेगवेगळ्या लांबीच्या साखळ्यांचे हे रेणू प्रयोगशाळेत घडवून, रोगप्रतिकारक पेशींवर कोणाचा काय परिणाम होतो हे तिथे तपासले गेले आहे.

जड लिपिड मिळवण्याची एक सोपी वाट जैविक आहे. यीस्टला कार्बन-१३ चीच साखर देऊन वाढवले की त्याचे झाडून सारे लिपिड जड होतात आणि एका फटक्यात शेकडो प्रती मिळतात. पण यीस्ट अरॅकिडॉनिक आम्ल बनवत नाही, प्रोस्टाग्लँडिनेही नाहीत, अनंदामाइडही नाही. या निरोप्यांच्या जड प्रती अजूनही एकेक करून, बहुतेकदा तिहेरी बंध आणि जायबंदी पॅलेडियमच्या वाटेने, घडवाव्या लागतात.